कोपऱ्यावरच्या घरातले उमेदवार

हे लिहायला बसलो आहे त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि शिकलो तेही सप्लाय चेन मॅनेजमेंट. एखाद्या माणसावर लिहायचं कसं, सुरुवात कुठून करायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय ज्यांच्यावर लिहितो आहे ते हयात आहेत, धडधाकट आहेत आणि मराठी वाचतात. हे त्यांच्या हाती पडलं तर फोन करून एकेका वाक्याबद्दल जाब विचारतील. तरी लिहितो, कारण इथे मॉन्ट्रियलमध्ये ज्याला ज्याला मी त्यांच्याबद्दल सांगितलं त्याला ते खरं वाटलं नाही. बोलताना मी अडखळतो, म्हणून असेल. लिहून बघतो.

ते माझे घरमालक. टोरोंटोहून बसने दोन-अडीच तासांवरच्या एका शहरात त्यांच्या बेसमेंटमध्ये मी आणि माझा नांदेडचा रूममेट कॉलेजची दोन वर्षं राहिलो. मूळचे ते कऱ्हाडकडचे. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून रिटायर झालेले. सगळे त्यांना काका म्हणायचे, शेजारचे गोरे लोकसुद्धा. काका हेच त्यांचं नाव आहे असा त्या शेजाऱ्यांचा समज होता आणि काकांनी तो कधी दूर केला नाही.

पहिल्या दिवशी मी बॅगा घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि ओळख करून दिली.

"मी या वॉर्डातला पडलेला उमेदवार. ये आत. बूट तिथं काढ."

यावर काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी 'नमस्कार' म्हणालो.

तोवर काका सिटी काउन्सिलच्या निवडणुकीत दोनदा पडले होते. याचं त्यांना दुःख नव्हतं असं नाही, पण लाज अजिबात नव्हती. दोन्ही वेळा निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते निवडून आलेल्या माणसाच्या घरी बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. "लोकांनी पाडलंय मला, चोरी करताना पकडलेलं नाही," असं ते म्हणायचे. पहिल्या वेळी त्या नगरसेवकाने डबा दारातच उघडून आत काय आहे ते दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी त्याची बायको डबा घ्यायला स्वतः पुढे आली.

रविवारी सकाळी काका गॅरेजचं शटर वर करत, गाडी बाहेर काढत, आणि आत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसत. हिवाळ्यात पायाशी हीटर. हे त्यांचं वॉर्ड ऑफिस. कुणाचा कचरा उचलायला ट्रक आला नाही, कुणाच्या शेजाऱ्याचं झाड वायरवर झुकलं, कुणाच्या गल्लीतला दिवा गेला, की तो माणूस काकांच्या गॅरेजमध्ये येई. काका सिटीला फोन लावत. तिथली फोनवरची बाई त्यांना आवाजावरून ओळखायची आणि आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची.

"नगरसेवक घरात सापडला पाहिजे," काका मला म्हणाले.

मी जरा भीत भीत म्हणालो, "पण काका, तुम्ही नगरसेवक नाही ना."

"म्हणून तर सापडतो."

त्यांचं घर कोपऱ्यावर होतं. पुढचं दार एका शांत गल्लीत, आणि बाजूची लांबलचक कड एका मोठ्या रस्त्याला लागून. त्या रस्त्यावर, काकांच्या कुंपणापाशीच, बसचा शेवटचा स्टॉप होता. बस तिथून वळायची आणि परत जायची. पुढे चालत गेलं की वेअरहाउसेस होती, आणि आमच्या कॉलेजातली निम्मी मुलं तिथे पार्ट-टाइम कामाला होती. स्टॉपपासून वेअरहाउसपर्यंत फुटपाथ नव्हता. एका बाजूला मोकळा उतार आणि नाला, दुसऱ्या बाजूला घरांची गवतं थेट रस्त्यापर्यंत आलेली. उन्हाळ्यात आम्ही गवताच्या कडेने चालायचो. हिवाळ्यात सिटीचा प्लाऊ, म्हणजे बर्फ हटवणारा ट्रक, सगळा बर्फ कडेला ढकलून ठेवायचा, मग आम्ही रस्त्यातूनच चालायचो, मागून येणाऱ्या ट्रककडे कान देऊन.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या रूममेटने एका ट्रकला वाट द्यायला बाजूला उडी मारली, आणि तो बर्फावरून घसरून मनगटावर पडला. काका त्याला इमर्जन्सीमध्ये घेऊन गेले. तिथे अख्खा दिवस थांबावं लागलं. प्लास्टर घालून दोघं परत आले तेव्हा काका काही बोलत नव्हते. काका बोलत नाहीत हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू धिरडी घालत होत्या. काका म्हणाले, "आता तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा काय?" काकूंनी विचारलं.

"उभा राहतो. त्या रस्त्याला फुटपाथ झाला पाहिजे."

"आधी बसा. धिरडं गार होतंय."

काका बसले, पण ठरलं ते ठरलं.

आता यातली अडचण सांगतो, कारण मलाही ती उशिरा कळली. फुटपाथ हवा होता तो आम्हाला, आणि आम्हाला मत नव्हतं. कॅनडात मत सिटिझनला. उमेदवारी अर्जाबरोबर वॉर्डातल्या मतदारांच्या सह्या लागतात, त्या काका गोळा करत होते तेव्हा मी उत्साहाने पेन काढलं होतं. "ठेव खिशात," काका म्हणाले, "तुझी सही अजून कच्ची आहे." मत होतं ते त्या रस्त्यावरच्या घरवाल्यांना, आणि त्यांना फुटपाथ नको होता. फुटपाथ म्हणजे पुढच्या गवताची एक पट्टी सिटी घेणार. पट्टीचे पैसे मिळतात, पण गवत ते गवत. आणि त्या शहराचा नियम असा की घरापुढच्या फुटपाथवरचा बर्फ घरमालकाने काढायचा. म्हणजे जागाही द्या आणि वर सकाळी उठून फावडंही मारा.

उन्हाळ्यात काका घरोघर जायला लागले. मी आणि रूममेट सुट्टी असली की बरोबर जायचो. काकांची प्रचाराची पद्धत अशी की कुणी 'आत या' म्हटलं की ते बूट काढून खरंच आत जात. कॅनडात 'आत या' म्हणणारे लोक फार नाहीत, पण काकांना ते बरोबर सापडत. मग तिथे चहा, नातवंडांचे फोटो, गुडघे. एका संध्याकाळी जेमतेम तीन-चार घरं व्हायची. रूममेट म्हणायचा, "या वेगाने आपण पुढच्या निवडणुकीपर्यंत पोचू."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. एका सकाळी एक गृहस्थ गवताला पाणी घालत होते. काकांनी गुड मॉर्निंग केलं, स्वतःची ओळख करून दिली, आणि मग त्यांच्या गवतात पाऊल टाकून म्हणाले, "सर, मी निवडून आलो तर तुमचं गवत इथपर्यंत जाईल." त्यांनी बुटाच्या टाचेने रेघ ओढून दाखवली. "आणि हिवाळ्यात एवढा बर्फ तुम्हाला काढावा लागेल."

त्या गृहस्थांनी नळी बंद केली. "मग मी तुम्हाला मत का द्यावं?"

"ते तुम्ही ठरवा. मी फक्त रेघ कुठं येणार ते सांगायला आलो. माझं गवत सगळ्यांत जास्त जाणार आहे. माझ्या मिसेसची ट्यूलिपची अख्खी रांग जाईल. ती माझ्याशी चार दिवस बोललेली नाही."

ते गृहस्थ हसले आणि त्यांनी नळी पुन्हा सुरू केली. मत देतो असं काही म्हणाले नाहीत. पुढच्या घराकडे जाताना मला राहवलं नाही.

"काका, ते बर्फाचं नंतर सांगता आलं असतं."

"नंतर म्हणजे निवडून आल्यावर?"

"हो... म्हणजे, सगळे तसंच करतात."

"लेका, तू मॅनेजमेंट शिकतोस ना. शिक. मला नको शिकवू."

वॉर्डातून तिघं उभे होते. चालू नगरसेवक, काका, आणि एक बाई. या बाई आयुष्यभर स्कूल बस चालवून नुकत्याच रिटायर झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज मोठा. ऑगस्ट आला. अर्ज मागे घेण्याची मुदत जवळ आली. आणि काकांच्या डोक्यात ती कल्पना आली, जी कॅनडात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्यांना ही निवडणूक बिनविरोध करायची होती.

त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात ग्रामपंचायतीला मतदान असं कधी झालंच नव्हतं. आधी सगळे देवळात बसत. कुणाला जायचंय, का जायचंय, त्याबदल्यात तो गावाचं कुठलं काम करणार, ते ठरे, आणि बाकीचे माघार घेत. मतपेटी आणायची वेळ आली म्हणजे गावाचं नाक कापलं गेलं, असं त्यांचे चुलते म्हणत. त्या माघारींवर गावात शाळेची कंपाउंड वॉल उभी राहिली होती आणि पाण्याची टाकीही.

मी म्हणालो, "काका, इथे असं चालत नसेल."

"का? माणसंच आहेत ना? पोहे खातात ना?"

काकूंनी पोहे केले. काकांनी गॅरेज झाडलं, आणखी खुर्च्या मांडल्या आणि दोघांना बोलावलं. आश्चर्य म्हणजे दोघं आले. मला वाटतं, निवडणुकीच्या दिवसांत बोलावणं नाकारायची कुणाची छाती नसते. चालू नगरसेवक उंच, नीटनेटके, फोन मांडीवर उलटा ठेवून बसलेले. बाई आल्या आल्या काकूंना मदत करायला लागल्या.

काका उभे राहिले आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाले की आपण तिघं चांगली माणसं आहोत. तिघांपैकी एकच निवडून येणार. मग लोकांना कशाला त्रास? आपण इथेच ठरवू. जो या रस्त्याचा फुटपाथ करायचा शब्द देईल तो राहील. बाकीचे दोघं बसतील.

नगरसेवकांनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही मला माघार घ्यायला सांगताय का?"

"तुम्हालाच असं नाही. कुठल्याही दोघांना."

"आणि त्याच्या बदल्यात?"

"फुटपाथ. आत्ता सांगितलं ना."

नगरसेवकांनी माझ्याकडे आणि रूममेटकडे पाहिलं, आम्ही साक्षीदार असल्यासारखं. मग ते अगदी सभ्यपणे म्हणाले की या देशात असा सौदा करत नाहीत, त्यांच्या वकिलाला ते इथे बसलेले मुळीच आवडणार नाहीत, आणि पोहे फार छान झालेत. ते निघून गेले. गाडी सुरू होईपर्यंत काका दारात हात जोडून उभे होते.

बाई गेल्या नाहीत. त्यांनी आणखी पोहे घेतले, खोबरं बाजूला काढलं, आणि म्हणाल्या, "हे बघा काका, मी पण सौदा करणार नाही. तुम्ही बसा म्हणूनही सांगणार नाही. पण त्या रस्त्यावर मी किती हिवाळे बस चालवली आहे. पोरं कुठे उभी राहतात ते मला ठाऊक आहे. मी निवडून आले तर फुटपाथला माझं मत आहे. तुम्ही उभे राहिलात तरी आहे."

काका खुर्चीत बसले. काकूंनी चहा पुढे केला तोही हातात तसाच धरून बसले.

बाई गेल्यावर म्हणाले, "तिने काही मागितलं नाही."

"मग चांगलंच झालं की," काकू म्हणाल्या.

"चांगलं कसलं. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "एका कामाला दोघं उभे राहिले की मतं फुटतात. ज्याला काम नको तो मधून निघून जातो."

काकांना नगरसेवकाच्या खुर्चीची किती इच्छा होती हे मला त्या आठवड्यात कळलं. वर त्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक निळा कोट टांगलेला होता. पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा शपथविधीसाठी शिवलेला, एकदाही न घातलेला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी काका तो कोट घालून खाली आले.

काकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, माघार घ्यायला चाललात ना?"

"मग? आज नाही तर कधी घालू?"

काकूंनी पुढे येऊन कॉलर नीट केली.

मी त्यांच्याबरोबर सिटी हॉलमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने सही घेतली आणि झालं म्हणून सांगितलं. काकांनी विचारलं, कारण लिहायचं नाही का? ती म्हणाली, कारण लागत नाही. "पण आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, फुटपाथपासून पोह्यांपर्यंत. मागे रांग लागली होती. तिने ऐकून घेतलं.

घरी आल्यावर रूममेट भडकलेला होता. "काका, आमच्यासाठी उभे राहिलात, आमच्यासाठी बसलात. आम्हाला तर मत पण नाही. कशाला एवढं?"

"म्हणूनच की. मत असतं तर तुमचं तुम्ही बघितलं असतं."

त्यानंतर काका बाईंच्या प्रचाराला लागले. दारोदार जाऊन म्हणायचे, "मी आता उमेदवार नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलतो." रूममेट मला हळूच म्हणायचा, "आधी काय बांधलं होतं यांना?" ऑक्टोबरमध्ये मतदान झालं. काका सकाळीच मत देऊन आले. कसं वाटलं म्हणून मी विचारलं. म्हणाले, "कागद मोकळा मोकळा वाटला."

बाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. काका लाडू घेऊन गेले. एक डबा पडलेल्या नगरसेवकांकडेही नेला आणि त्यांना पुढच्या वेळेसाठी काही सूचना केल्या. त्या त्यांनी मागितल्या होत्या की नाही ते मला माहीत नाही.

आमचं कॉलेज संपलं. रूममेट तिकडे पश्चिमेला सरे नावाच्या शहरात गेला. मला मॉन्ट्रियलमध्ये एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली. संध्याकाळी फ्रेंचच्या क्लासला जातो, पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीची, वाट बघतो. काकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज यायचे. फुटपाथचं घोडं पुढे सरकत नव्हतं. सिटीने अभ्यास करायला दिला होता. मग लोकांची मतं मागवली, मग बजेट संपलं, मग पुन्हा अभ्यास. "तुमचा अभ्यास दोन वर्षांत झाला," काका म्हणायचे, "यांचा काही होईना." एका हिवाळ्यात तर मेसेजच्या मागे फावड्याचा आवाज होता. काका मुलांना चालता यावं म्हणून रस्त्याची कड साफ करत होते आणि धापा टाकत बोलत होते. तो मेसेज ऐकून मी त्यांना पहिल्यांदाच रागावलो. त्यांनी 'बरं' म्हटलं. थांबले नसणारच.

गेल्या आठवड्यात क्लासच्या मधल्या सुट्टीत काकूंचा फोन आला.

"झाला," त्या म्हणाल्या. "काल रात्री काउन्सिलमध्ये पास झाला. एका मताने."

मी कॉरिडॉरमध्ये होतो. काका कसे आहेत, एवढं विचारलं.

"त्यांचं काय विचारतोस. काल मला मेल्याहून मेल्यासारखं केलं." आणि काकूंनी सांगितलं ते असं.

दोघं वर गॅलरीत बसले होते. फुटपाथचा विषय निघाला तसा दुसऱ्या वॉर्डाचा एक नगरसेवक उठला, काहीतरी पुटपुटला आणि बाहेर गेला. हा माणूस पहिल्यापासून फुटपाथच्या विरोधात. त्याचं त्या रस्त्यावर भाड्याने दिलेलं एक घर होतं. मेयरबाईंनी मतदान सुरू केलं. तर काका गॅलरीत उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मॅडम, थांबा, ते वॉशरूमला गेलेत."

"मी कोटाला धरून खाली ओढलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, अहो, तो विरोधात आहे. तर म्हणतात, विरोधात असला म्हणून काय, बिचाऱ्याचं मत राहील."

मेयरबाईंनी काकांना शांत बसायला सांगितलं. मतदान झालं, आमच्या स्कूल बसवाल्या बाईंचं मत पडलं, फुटपाथ एका मताने पास झाला. तरी काकांचं समाधान होईना. सभा संपल्यावर ते खाली जाऊन तिथल्या क्लार्कला भेटले आणि त्या माणसासाठी का थांबला नाहीत म्हणून विचारलं. क्लार्कने समजावलं की ते वॉशरूमला नव्हते गेले, नियमाने बाहेर बसले होते. ज्याची स्वतःची मालमत्ता त्या कामात येते त्या नगरसेवकाला तशी कबुली देऊन उठावं लागतं. त्याला त्या विषयावर बोलता येत नाही आणि मतही देता येत नाही.

"मग यांनी विचारलं," काकू म्हणाल्या, "की समजा, कोपऱ्यावर घर असलेला, सगळ्यांत जास्त गवत जाणारा माणूस निवडून आला असता तर? क्लार्क म्हणाला, त्यालाही बाहेर बसावं लागलं असतं."

मी भिंतीला टेकलो. वर्गात सगळे परत जात होते. काका आत असते तर या फुटपाथला ते एक मत मिळालंच नसतं.

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार. मला वाटलं, जिवाला लागलं. घरी आले, हात धुतले, ताटावर बसले आणि मग म्हणाले, 'दोनदा लोकांनी पाडलं, तिसऱ्यांदा माझा मी बसलो. एकदाही चूक झाली नाही बघ.'"